मार्शल आर्टचा क्लास लावताय? मग स्टाईल आणि शब्द आधी समजून घ्या

शाळा सुरू झाल्या की सोसायटीच्या गेटवर, शाळेच्या भिंतीवर क्लासचे बोर्ड लागतात आणि त्यावर कराटे, तायक्वांदो, किक बॉक्सिंग, वुशू, सेल्फ डिफेन्स असं सगळं एकाखाली एक लिहिलेलं असतं. मग घरोघरी तोच प्रश्न, यातलं चांगलं कुठलं? माझं मत विचाराल तर या प्रश्नात वेळ घालवू नका. समोरचे सर नेमकं काय शिकवतात ते तीन गोष्टींवरून कळतं: स्टाईलचं नाव, पहिल्या काताचं (म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या साखळीचं) नाव आणि फाईटचे नियम. ही तीन उत्तरं एकमेकांशी जुळली पाहिजेत. ती जुळतात की नाही हे कळायला तुम्हाला थोडे शब्द यायला हवेत, फार नाही, तीसेक शब्द आले तरी नवीन माणसाचं काम भागतं. ते कुठल्या क्रमाने शिकायचे ते खाली लिहितोय, स्वतःसाठी वाचत असाल किंवा मुलांसाठी, दोन्हीला चालेल.

पायरी १: आधी देश ओळखा

कराटे, ज्युडो, आयकिडो, केंडो हे जपानचं. कराटेचं मूळ ओकिनावा बेटावर, जे पूर्वी र्युक्यू नावाचं वेगळं राज्य होतं आणि १८७९ मध्ये जपानने ते पूर्णपणे आपल्यात घेतलं. तायक्वांदो कोरियाचं. वुशू, कुंग फू, ताई ची, विंग चुन हे चीनचं. मुए थाई थायलंडचं, पेंचाक सिलात इंडोनेशिया-मलेशियाकडचं, आर्निस फिलिपाईन्सचं. आपल्याकडचं म्हणाल तर केरळचं कळरीपयट्टू, मणिपूरचं थांग-ता आणि आपल्या कोल्हापूरचा मर्दानी खेळ.

देश कळला की भाषा कळते आणि भाषा कळली की क्लासमध्ये कुठले शब्द कानावर पडणार ते कळतं. कराटेच्या क्लासमध्ये मोजणी जपानीत होते, इची, नी, सान, शी, गो, रोकू, शिची, हाची, कू, जू. तायक्वांदोमध्ये कोरियनमध्ये, हाना, दुल, सेत, नेत, दासोत. ट्रेनिंगच्या जागेला जपानीत दोजो म्हणतात, कोरियनमध्ये दोजांग, कळरीपयट्टूत कळरी आणि कुस्तीत आपली तालीम. शिकवणारा जपानीत सेन्सेई, चिनीत शिफू, थाईमध्ये क्रू, कळरीत गुरुक्कळ आणि तालमीत वस्ताद. आपल्याकडच्या क्लासमध्ये बहुतेक मुलं सर किंवा मॅडमच म्हणतात, त्यात काही चुकीचं नाही, पण दुसऱ्या दोजोत किंवा कॅम्पला गेलात तर सेन्सेई म्हणायची सवय असलेली बरी.

दुसरी गोष्ट बघायची ती म्हणजे यात मुख्य काम कशाचं आहे. कराटे, तायक्वांदो, मुए थाई यांत मारणं. ज्युडोत पकडून फेकणं आणि जमिनीवर दाबून ठेवणं, पंच-किक नाहीच. आयकिडोत समोरच्याची ताकद वळवून तोल घालवणं, त्यात स्पर्धा बहुतेक ठिकाणी नसतेच. केंडोत शिनाई म्हणजे बांबूची तलवार घेऊन आणि अंगावर बोगू म्हणजे चिलखत चढवून लढतात. वुशूमध्ये दोन वेगळे भाग, ताओलू म्हणजे बसवलेल्या हालचालींचं सादरीकरण आणि सांदा म्हणजे प्रत्यक्ष फाईट, आणि एका मुलाने वुशू केलं म्हणजे त्याने दोन्ही केलंय असं अजिबात नसतं, त्यामुळे विचारून घ्या.

पायरी २: कराटे असेल तर कुठलं कराटे ते विचारा

यावर जरा जास्त लिहितो कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त क्लास कराटेचे आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच.

ओकिनावात गावांच्या नावावरून ओळख होती, शुरी-ते, नाहा-ते, तोमारी-ते. त्यातून पुढे स्टाईल तयार झाल्या. शाळेत शिक्षक असलेले गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये टोकियोला गेले आणि तिथे त्यांनी कराटे दाखवलं, त्यांच्या शिकवणीतून शोतोकान आलं (शोतो हे त्यांचं टोपणनाव). लांब पवित्रे, सरळ रेषेत घुसणारे पंच, कंबरेचा जोर, हे शोतोकान लांबूनच ओळखू येतं. गोजू-र्यू चोजुन मियागी यांचं, नाहाच्या परंपरेतलं, त्यात पवित्रे आखूड, अंतर कमी, श्वासावर खूप काम, सानचिन नावाचा काता सगळं अंग आवळून हळू हळू करतात आणि बघणाऱ्याला वाटतं यात काय आहे, पण दोन वेळा नीट केला की मांड्या आणि पोट बोलायला लागतात. शितो-र्यू केनवा माबुनी यांचं, त्यांचे दोन गुरू इतोसू आणि हिगाओन्ना, दोघांच्या नावांच्या पहिल्या जपानी चित्राक्षरांवरून (त्यांचा दुसरा उच्चार शि आणि तो) हे नाव ठेवलंय, त्यामुळे शुरी आणि नाहा दोन्हीकडचे काता यात मिळतात आणि कातांची संख्याही भरपूर. वाडो-र्यू हिरोनोरी ओत्सुका यांचं, ते मुळात जुजुत्सूचे माणूस, म्हणून त्यात अंगाबाहेर सरकणं, वार चुकवणं जास्त.

वर्ल्ड कराटे फेडरेशनच्या स्पर्धांच्या जगात या चार मोठ्या स्टाईल मानतात. पाचवं नाव नेहमी ऐकू येतं ते क्योकुशिन, मासुतात्सु ओयामा यांचं. ते फुल कॉन्टॅक्ट, म्हणजे छातीवर-पोटावर पंच आणि मांडीवर किक पूर्ण ताकदीने बसतात, हातात ग्लोव्ह्ज नाहीत, पण हाताने तोंडावर मारायला बंदी, डोक्यावर किक मात्र चालते. बाकी चार स्टाईलच्या स्पर्धेत बहुतेक वेळा पॉइंट सिस्टम असते आणि तोंडावरचा पंच आवरता आला पाहिजे, जोरात लागला तर मारणाऱ्यालाच वॉर्निंग किंवा पेनल्टी मिळते. एकाच कराटे नावाखाली हा एवढा फरक आहे, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घालताना हे माहीत नसणं बरोबर नाही.

पायरी ३: शब्द पाठ करू नका, तोडून शिका

नवीन मुलं वहीत लिहून घेतात, माए गेरी, मावाशी गेरी, ओई झुकी, ग्याकू झुकी, आणि पन्नास शब्द वेगवेगळे पाठ करायला बसतात, मग आठवड्यात सगळं विसरतात. त्यापेक्षा हे शब्द छोट्या तुकड्यांचे बनलेत ते बघा.

शेवटचा तुकडा काय करायचं ते सांगतो. झुकी म्हणजे सरळ पंच, गेरी म्हणजे किक, उके म्हणजे ब्लॉक, उची म्हणजे बाजूने किंवा वरून केलेला वार, दाची म्हणजे पवित्रा. पहिला तुकडा दिशा किंवा प्रकार सांगतो. माए पुढे, योको बाजूला, उशिरो मागे, मावाशी गोल फिरवून. आणि उंची सांगायला तीन शब्द, जोदान म्हणजे गळ्याच्या वर, चुदान म्हणजे छाती-पोट, गेदान म्हणजे कंबरेच्या खाली. बस, आता जोडा. माए गेरी पुढची किक, योको गेरी बाजूची, उशिरो गेरी मागची, मावाशी गेरी गोल फिरवून मारलेली. जोदान मावाशी गेरी म्हटलं की डोक्याच्या उंचीवर गोल किक. ओई झुकी म्हणजे जो पाय पुढे जातोय त्याच बाजूच्या हाताने पंच, ग्याकू झुकी म्हणजे उलट बाजूच्या हाताने. दहा-बारा तुकड्यांत तुम्ही चाळीस शब्द समजायला लागता.

पवित्र्यांमध्ये सुरुवातीला तीन पुरेत. झेनकुत्सु दाची, पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, जास्त वजन पुढे. कोकुत्सु दाची, जास्त वजन मागच्या पायावर. किबा दाची, घोड्यावर बसल्यासारखं, वजन दोन्ही पायांवर सारखं.

एक किक जवळून बघू म्हणजे शब्द अंगात कसा उतरतो ते कळेल. माए गेरी. पहिल्यांदा गुडघा छातीकडे उचलायचा, पाय सरळ करून वर भिरकवायचा नाही. मग गुडघ्यापासून खालचा पाय झटक्यात सोडायचा, पायाची बोटं वर ओढलेली, लागला पाहिजे तो चवडा, बोटं नाही. आणि जेवढ्या वेगाने गेला तेवढ्याच वेगाने पाय परत गुडघ्याशी, मग खाली. नवीन मुलं हे परत घेणं टाळतात, पाय सोडून देतात आणि तोल पुढे पडतो, समोरचा माणूस पाय पकडू शकतो, शिवाय गुडघ्यालाही झटका बसतो. सर जर प्रत्येक किकला परत घ्या, परत घ्या असं ओरडत असतील तर ते बरोबर ओरडतायत. बोटं वर ओढणं बऱ्याच जणांना पहिले काही आठवडे जमतच नाही, घरी भिंतीला हात लावून, चवड्यावर उभं राहून सराव करा.

एक सावधगिरी. सोतो उके आणि उची उके, म्हणजे बाहेरून आत येणारा ब्लॉक आणि आतून बाहेर जाणारा ब्लॉक (इथला उची म्हणजे आत, वरचा वारवाला उची वेगळा), ही नावं सगळ्या स्टाईलमध्ये सारखी नाहीत. शोतोकानमध्ये सोतो उके बाहेरून आत येतो, काही स्टाईलमध्ये त्याच नावाने बरोबर उलटी हालचाल करतात. क्लास बदलला आणि नवीन सरांनी चूक म्हटलं तर वाद घालू नका, आधीचे सर चुकीचे होते असंही समजू नका, त्या दोजोची पद्धत विचारा आणि तशी करा.

पायरी ४: पहिल्या दिवसाच्या ऑर्डरी

क्लासच्या सुरुवातीला आणि शेवटी साधारण हेच होतं. सगळे बेल्टच्या क्रमाने ओळीत, सेइझा म्हटलं की गुडघ्यांवर बसायचं, आधी डावा गुडघा टेकतो मग उजवा, उठताना आधी उजवा पाय वर. मोकुसो म्हटलं की डोळे मिटून शांत. मोकुसो यामे, झालं. शोमेन नी रेई म्हणजे समोरच्या भिंतीकडे नमस्कार, सेन्सेई नी रेई म्हणजे सरांना, ओतागाई नी रेई म्हणजे एकमेकांना. रेई म्हणजे वाकून केलेला नमस्कार.

मग सराव चालू झाला की योई म्हणजे तयार, हाजिमे म्हणजे सुरू, यामे म्हणजे थांबा, मावाते म्हणजे वळा, कामाए म्हणजे लढायचा पवित्रा घ्या, नाओरे म्हणजे पहिल्या स्थितीत या. यातलं यामे सगळ्यात आधी कानात बसलं पाहिजे, विशेषतः लहान मुलांच्या, कारण जोडीने सराव चालू असताना एकाला यामे ऐकू आलं आणि दुसऱ्याला नाही आलं की नाकावर बसतो. घरून पाठवताना मुलाला बाकी काही नाही तरी हा एक शब्द नक्की शिकवून पाठवा.

ओस हा शब्द काही दोजोंमध्ये दर वाक्याला म्हणतात, क्योकुशिनमध्ये तर फारच, आणि काही जुन्या पद्धतीच्या दोजोंमध्ये तो अजिबात चालत नाही, तिथे नुसतं हाय म्हणजे हो म्हणतात. पहिल्या दिवशी बाकीचे काय म्हणतात ते ऐका आणि मग तोंड उघडा.

नखं कापलेली, कडं-अंगठी-चेन काढलेली, पाय धुतलेले, कारण सराव अनवाणी असतो. गी म्हणजे पांढरा ड्रेस, त्याची डावी बाजू उजव्यावर येते, मुलगा असो की मुलगी, उलटी कधीच नाही, जपानमध्ये उजवी बाजू वर फक्त मृताच्या अंगावर घालतात. ओबी म्हणजे बेल्ट, त्याचा मध्य बेंबीच्या खाली धरायचा, दोन्ही टोकं मागून फिरवून पुढे आणायची, वर आलेलं टोक दोन्ही थरांच्या खालून वर ओढायचं आणि मग गाठ मारायची. दोन्ही टोकं सारखी लोंबली पाहिजेत.

पायरी ५: किहोन, काता, कुमिते

कराटेचं ट्रेनिंग या तीन भागांत चालतं. किहोन म्हणजे एकेक टेक्निक सुटं सुटं, हवेत, शंभर वेळा. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने केलेली हालचालींची साखळी. कुमिते म्हणजे समोर माणूस, आधी ठरवून एक पाऊल एक वार, मग हळूहळू मोकळी फाईट.

शोतोकानमध्ये पहिला खरा काता म्हणजे हेइआन शोदान, एकवीस हालचालींचा. समोर तोंड करून योईत उभं राहायचं. डावीकडे वळून डाव्या हाताने गेदान बराई, म्हणजे खालचा ब्लॉक, मग उजवा पाय टाकून उजव्या हाताचा ओई झुकी. मग उजवा पाय मागे फिरवून पूर्ण उलटं वळायचं, परत खालचा ब्लॉक, हात ओढून घेऊन मुठीच्या बाजूने वरून खाली वार, मग डावा पाय टाकून पंच. मग मधल्या रेषेत येऊन खालचा ब्लॉक आणि पुढे जात तीन वेळा आगे उके, म्हणजे वरचा ब्लॉक, तिसऱ्याला कियाई. कियाई म्हणजे पोटातून काढलेला आवाज, घशातून किंचाळणं नाही. पुढचा अर्धा काता याच वळणांवर उभा आहे. वळताना कुठला पाय हलतो तिथेच सगळे अडकतात, म्हणून हात बाजूला ठेवून आधी नुसते पाय फिरवा, दहा वेळा, मग हात जोडा.

हाच काता बाकीच्या स्टाईलमध्ये दिसला तर नाव ऐकून गोंधळू नका. इतोसूंनी शाळेच्या मुलांसाठी पाच काता बसवले, त्यांचं नाव पिनान. फुनाकोशींनी त्यांना हेइआन केलं आणि पहिल्या दोघांचा क्रमही बदलला, म्हणून शोतोकानचा हेइआन शोदान म्हणजे शितो-र्यू आणि वाडो-र्यूचा पिनान निदान. गोजू-र्यूत सुरुवातीला बहुतेक गेकिसाई शिकवतात. आता वर म्हटलं ते लक्षात आलं असेल, बोर्डावर गोजू-र्यू आहे आणि वर्षभर फक्त हेइआन चाललेत असं दिसलं तर आदराने विचारायला हरकत नाही, उत्तर असतं कधीकधी, की सर दोन्ही शिकलेत आणि दोन्ही शिकवतात. पण उत्तर आलं पाहिजे.

कुमितेच्या पॉइंटचे नियम वर्ल्ड कराटे फेडरेशनच्या पद्धतीत सोपे आहेत. पंच बसला की युको म्हणजे १, अंगावर किक बसली की वाझा-आरी म्हणजे २, डोक्याच्या उंचीवर किक किंवा खाली पडलेल्यावर नीट टेक्निक म्हणजे इप्पोन, ३. एक खेळाडू आका म्हणजे लाल, दुसरा आओ म्हणजे निळा. टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये, जे २०२१ मध्ये झालं, कराटे होतं, २०२४ च्या पॅरिसमध्ये नव्हतं.

पायरी ६: ज्युडो आणि तायक्वांदोवाल्यांसाठी

ज्युडो १८८२ मध्ये जिगोरो कानो यांनी सुरू केलं, त्यांची संस्था कोदोकान. यात पहिला शब्द उकेमी, म्हणजे पडायचं कसं, आणि तो येईपर्यंत कोणीही तुम्हाला फेकता कामा नये. हनुवटी छातीला, डोकं मॅटला लागलं नाही पाहिजे, हात अंगापासून थोडा लांब सपाट आपटायचा. तोरी म्हणजे टेक्निक करणारा, उके म्हणजे ज्याच्यावर होतं तो (कराटेत उके म्हणजे ब्लॉक, इथे वेगळं). रांदोरी म्हणजे मोकळा सराव. नावं इथेही तुकड्यांतच आहेत, ओ मोठा, को छोटा, सोतो बाहेरून, उची आतून, गारी पायाने छाटून टाकणं, म्हणजे ओ-सोतो-गारी, को-उची-गारी समजायला अवघड नाही. कुस्ती बघितलेल्या माणसाला सेओई-नागे बघितल्यावर धोबीपछाड आठवतोच. वीस सेकंद पाठीवर दाबून धरलं की इप्पोन आणि मॅच संपली. आणि हात अडकला, दुखतंय, तर दोनदा थोपटा, समोरचा लगेच सोडतो. थोपटायला लाजू नका, मुलांनाही सांगा.

तायक्वांदोत दोबोक म्हणजे ड्रेस, चारयोत म्हणजे सावधान, क्योंगन्ये म्हणजे नमस्कार, क्योरुगी म्हणजे फाईट, पूमसे म्हणजे कातासारखा प्रकार. इथे दोन मोठ्या संघटना आहेत आणि पद्धत वेगळी. वर्ल्ड तायक्वांदोचीच फाईट २००० च्या सिडनीपासून ऑलिम्पिकमध्ये मेडलचा खेळ आहे, छातीला गार्ड, पायाने डोक्यावर चालतं, हाताने तोंडावर नाही. दुसरी आयटीएफ म्हणजे इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन, जनरल चोई होंग ही यांनी १९६६ मध्ये काढलेली, तिथे पूमसेऐवजी तुल म्हणतात. मुलाला पुढे ऑलिम्पिकच्या वाटेने खेळायचं असेल तर कुठल्या संघटनेचा क्लास आहे ते पहिल्याच दिवशी विचारा, तीन वर्षांनी नाही.

पायरी ७: बेल्टचं गणित

क्यू म्हणजे ब्लॅक बेल्टच्या आधीच्या पायऱ्या, त्या उतरत्या क्रमाने येतात, दहाव्यापासून पहिल्यापर्यंत (कोरियनमध्ये गुप), त्यानंतर ब्लॅक बेल्ट आणि मग दान चढत्या क्रमाने. शोदान म्हणजे पहिली दान. रंगांचा क्रम सगळीकडे एकसारखा नाही, एका ठिकाणी पिवळा आधी, दुसरीकडे ऑरेंज, त्यामुळे दोन क्लासच्या मुलांचे रंग एकमेकांशी लावून बघू नका. ज्या कानोंनी ब्लॅक बेल्ट सुरू केला त्यांच्याकडे हे इतके रंग नव्हतेच, ते पुढे युरोपात वाढले.

आठवड्यात दोन क्लास करून वर्षभरात ब्लॅक बेल्ट मिळतो असं कोणी सांगत असेल तर तिथून उठा. मनापासून सांगतो, त्या कागदाने आणि त्या काळ्या कापडाने मुलाला जो खोटा आत्मविश्वास येतो तो धोक्याचा आहे, खऱ्या भांडणात तो त्याला नको तिथे उभा करतो.

पायरी ८: क्लास बघायला जा

पैसे भरायच्या आधी एक पूर्ण क्लास बाजूला बसून बघा. वॉर्मअप किती वेळ होतो, लहान मोठ्यांच्या जोड्या कशा लावतात, यामे म्हटल्यावर सगळे खरंच थांबतात का, आणि चुकलेल्या मुलाशी सर कसे बोलतात. फाईट असेल तर तोंडाला माउथगार्ड, नडगीला गार्ड दिसले पाहिजेत. परीक्षेची म्हणजे ग्रेडिंगची फी वेगळी किती, वर्षातून किती वेळा, सर्टिफिकेट कुठल्या संघटनेचं, हे सगळं आधीच विचारा, विचारल्यावर चिडणारे सर नकोत.

आणि घराजवळ तालीम असेल किंवा कोल्हापूरकडे असाल आणि मर्दानी खेळाचा आखाडा असेल तर तोही याच यादीत धरा. लाठी, दांडपट्टा, बाणा, विटा (दोरी बांधलेला भाला) यांत पायांची जी चाल आणि मनगटाचं जे काम आहे ते कुठल्याही परदेशी स्टाईलपेक्षा कमी नाही, शिवाय शब्द आपल्याच भाषेतले, तोडून शिकायची गरज नाही.

पहिल्या क्लासला सैल ट्रॅकपँट आणि टी-शर्ट चालतो. गी पहिला महिना झाल्यावर, मूल टिकतंय असं दिसलं की घ्या, आणि घेताना एक साईज मोठा घ्या, सुती कापड पहिल्या काही धुण्यात आटतं, गरम पाण्यात तर जास्तच.